कोटल्याचे कोवळे ऊन

दिल्ली पाहायला गेलेल्या मराठी कुटुंबाचा कार्यक्रम सहसा ठरलेला असतो. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, इंडिया गेट आणि एक दिवस आग्र्यासाठी. दिल्लीदर्शनाची बस बहादूरशहा जफर मार्गावरून जाते तेव्हा खिडकीतून प्रकाशझोतांचे उंच मनोरे दिसतात. गाइड सांगतो, ‘ये फिरोजशाह कोटला, क्रिकेट स्टेडियम,’ आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळेपर्यंत बस पुढे निघून गेलेली असते.

करोलबागेत राहणाऱ्या एका निवृत्त मराठी गृहस्थांना या गोष्टीचा फार राग येतो. ते मूळचे पुण्याचे. १९७२ साली केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीला आले आणि इथलेच झाले. आज पंचाहत्तरीला टेकले आहेत. गावाकडून पाहुणे आले की ते त्यांना राजघाटाआधी कोटल्याला नेतात. सामना असो वा नसो, बाहेरून तरी मैदान दाखवतात. पत्नी म्हणते, “अहो, रिकामं मैदान काय दाखवता? लोक दमून आलेत.” त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले, “रिकामं तुला दिसतं. मला नाही.”

असे वेड फक्त क्रिकेटवाल्यांनाच असते असे नाही. अमेरिकेत बेसबॉलचे वेडे गावोगावची मैदाने पाहत हिंडतात. बोस्टनचे फेनवे पार्क १९१२ सालचे, शिकागोचे रिग्ली फील्ड १९१४ सालचे. बेसबॉलच्या मैदानांचे आकार एकसारखे नसतात. फेनवे पार्कला डाव्या बाजूला ३७ फूट उंचीची हिरवी भिंत आहे, ती दुसरीकडे कुठेच नाही. क्रिकेटमध्येही खेळपट्टी बावीस यार्डांची ठरलेली, पण तिच्या भोवतीचे सगळे निराळे. माती निराळी, सीमारेषा निराळी, हवा निराळी आणि प्रेक्षकही निराळे. म्हणून इडन गार्डन्स पाहिले म्हणजे कोटला पाहिला, असे होत नाही.

शेजारी सुलतान

कोटल्याचे पहिले वेगळेपण म्हणजे त्याचा शेजार. कोटला म्हणजे किल्ला, गढी. फिरोजशहा तुघलकाने १३५४ साली यमुनेकाठी फिरोजाबाद नावाची नवी राजधानी वसवली, तिचा हा बालेकिल्ला. आज तिथे पडक्या भिंती, जामी मशीद, एक गोल बावडी आणि तीन मजली चौथऱ्यावर उभा असलेला सम्राट अशोकाचा स्तंभ आहे.

हा स्तंभ मूळचा इथला नव्हे. तो हरियाणातल्या टोपरा गावी होता. फिरोजशहाला तो इतका आवडला, की त्याने तो उतरवून दिल्लीला आणवला. शेवरीच्या कापसाच्या गाद्यांवर तो अलगद आडवा केला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवून नदीपर्यंत ओढत नेला आणि होड्यांवरून यमुनेतून आणला, असे वर्णन त्या काळच्या बखरकाराने केले आहे. स्तंभावर अक्षरे होती, पण ती कोणालाच वाचता येईनात. सुलतानाने पंडित बोलावले, तेही हरले. पुढे जवळजवळ पाच शतकांनी, १८३७ साली, जेम्स प्रिन्सेपने ती ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा कळले, की हा सम्राट अशोकाचा धर्मलेख आहे.

या किल्ल्यात दर गुरुवारी आणखी एक दृश्य दिसते. इथे जिन राहतात अशी समजूत असल्याने लोक आपली गाऱ्हाणी कागदावर लिहून आणतात आणि भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवतात. मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, कोर्टातला खटला. अर्जाच्या झेरॉक्स काढून त्या निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवणारेही आहेत. कागद ठेवून खटले निकालात निघत नाहीत, हे उघड आहे. पण करोलबागेचे गृहस्थ त्यांना हसत नाहीत. ते म्हणतात, “भिंतीच्या पलीकडं आम्ही तरी काय करत होतो? हात जोडून बसायचो, आता विकेट जाऊ दे म्हणून.”

पुण्याची दोन माणसे

मैदान १८८३ सालचे. कोलकात्याच्या इडन गार्डन्सनंतर भारतातले हे सर्वात जुने आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदान. पहिली कसोटी इथे १९४८ च्या नोव्हेंबरमध्ये झाली. स्वतंत्र भारताच्या भूमीवरचा तो पहिला कसोटी सामना. समोर वेस्ट इंडिज. पाहुण्यांच्या चार फलंदाजांनी शतके काढली आणि धावफलकावर ६३१ धावा लागल्या. भारताकडून एकच शतक झाले, ते हेमू अधिकारी यांचे, नाबाद ११४. अधिकारी पुण्यात जन्मलेले आणि सैन्यात अधिकारी. गृहस्थांच्या वडिलांना या नावाचा कोण अभिमान!

चार वर्षांनी, १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये, पाकिस्तानने आपली पहिलीवहिली कसोटी याच मैदानावर खेळली. भारताचे नऊ गडी बाद झाल्यावर हेमू अधिकारी आणि गुलाम अहमद यांनी दहाव्या गड्यासाठी १०९ धावा जोडल्या. मग विनू मंकडने सामन्यात तेरा बळी घेतले आणि भारत एक डाव ७० धावांनी जिंकला.

गृहस्थांची स्वतःची आठवण सुरू होते ती फेब्रुवारी १९५९ पासून. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. पुण्याच्या वाड्यात वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. वेस्ट इंडिजविरुद्धच्या त्या मालिकेत भारताने चार कर्णधार बदलले, चौथे अधिकारी. आणि पुण्याच्याच चंदू बोर्डे यांनी पहिल्या डावात १०९ धावा काढल्या होत्या. दुसऱ्या डावात ते ९६ वर पोहोचले. दोन्ही डावांत शतक व्हायला फक्त चार धावा हव्या होत्या. गिलख्रिस्टचा चेंडू मारताना त्यांचा स्वतःचाच धक्का यष्ट्यांना लागला आणि ते हिट विकेट झाले! “इंग्रजी मला कळत नव्हतं,” गृहस्थ सांगतात, “पण वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला, त्यावरून समजलं काय झालं ते.” त्या दिवशी त्यांनी ठरवले, की हे मैदान एकदा पाहायचे.

१९६९ मध्ये अजित वाडेकर यांच्या नाबाद ९१ धावांनी इथे ऑस्ट्रेलियावर विजय मिळवून दिला. आदल्या डावात बेदी आणि प्रसन्ना यांनी पाच-पाच बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला १०७ धावांत गुंडाळले होते. तीही कसोटी रेडिओवरच ऐकली. तीन वर्षांनी नोकरीचा कागद आला, नेमणूक दिल्ली. घरचे हळहळले. गृहस्थ मात्र मनातून खूश होते.

शनिवारची सकाळ

कोटल्यावर बसण्याची खरी मजा हिवाळ्यात. नोव्हेंबर उलटला की दिल्लीत थंडी पडू लागते. घराच्या भिंती गार, ऑफिस गार. अशा वेळी सिमेंटच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र पसरायचे, पाठ उन्हाकडे करायची, हातात भाजलेल्या शेंगांचा पुडा घ्यायचा आणि दिवसभर क्रिकेट पाहायचे. कोणी गजक आणलेला असे, कोणी रेवडी. पत्नीने दिलेल्या डब्यातली मेथीची पोळी शेजारच्या सरदारजीला द्यायची आणि त्याच्याकडचे मुळ्याचे पराठे आपण घ्यायचे. दुपारी बाहेर पडले तर छोले-कुलचे आणि निखाऱ्यावर भाजलेल्या रताळ्याची आंबटगोड चाट हजर. सूर्य जसा सरकेल तसे प्रेक्षकही सावली सोडून उन्हाच्या तुकड्यामागे सरकत. “मुंबईला लोक सावलीची जागा शोधतात, आम्ही उन्हाची,” असे गृहस्थ सांगतात.

पण त्यांनी पाहिलेला सर्वात मोठा दिवस ऑक्टोबरातला होता. २९ ऑक्टोबर १९८३, शनिवार. आधीच्या कानपूर कसोटीत माल्कम मार्शलच्या चेंडूने सुनील गावसकर यांच्या हातातली बॅटच उडवली होती. आता गावसकर संपले, अशी कुजबुज होती. कोटल्यावर ते उतरले आणि पहिल्यापासूनच मार्शलला हूक मारू लागले. बचावासाठी ओळखला जाणारा हा फलंदाज त्या दिवशी निराळाच होता. ९४ चेंडूंत शतक झाले. ते त्यांचे एकोणतिसावे. डॉन ब्रॅडमन यांनी १९४८ मध्ये उभा केलेला २९ शतकांचा डोंगर पस्तीस वर्षांनी गाठला गेला. गावसकर १२१ वर बाद झाले, मग दिलीप वेंगसरकर यांनी १५९ धावा केल्या. गृहस्थ त्या रात्री करोलबागेतल्या मराठी घरांतून पेढे वाटत हिंडले.

योगायोग असा, की गावसकर यांच्या ३४ शतकांचा विक्रम मोडला तोही इथेच. १० डिसेंबर २००५ रोजी श्रीलंकेविरुद्ध सचिन तेंडुलकरने कोटल्यावर आपले पस्तिसावे कसोटी शतक झळकावले. मुंबईच्या एका फलंदाजाने जिथे ब्रॅडमनला गाठले, तिथेच मुंबईच्या दुसऱ्याने पहिल्याला मागे टाकले. मधल्या काळात, मार्च १९९३ मध्ये, विनोद कांबळीनेही इथे झिंबाब्वेविरुद्ध २२७ धावा काढल्या होत्या.

बोर्डे यांची राहिलेली गोष्टही पुरी झाली, पण तिला छप्पन्न वर्षे लागली. डिसेंबर २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अजिंक्य रहाणेने पहिल्या डावात १२७ आणि दुसऱ्यात नाबाद १०० धावा केल्या. दोन्ही डावांत शतक! त्याच सामन्यात आफ्रिकेने पराभव टाळण्यासाठी शेवटच्या डावात १४३ षटके खेळून जेमतेम १४३ धावा काढल्या. डिव्हिलियर्ससारखा तडाखेबंद फलंदाज २९७ चेंडूंत ४३ धावा करून झुंजला. तरुण मुले जांभया देत होती. गृहस्थ म्हणाले, “हे बघायला मिळणं भाग्य लागतं.”

उठू नये, ते उठलो

एवढे सगळे पाहिलेल्या माणसाच्या मनात एक बोचही आहे. ७ फेब्रुवारी १९९९, रविवार. पाकिस्तानविरुद्धची कसोटी. सामन्याला विरोध करणाऱ्यांनी महिनाभर आधी खेळपट्टी खोदली होती, ती पुन्हा तयार करून सामना होत होता. पाकिस्तानला विजयासाठी ४२० धावा हव्या होत्या आणि उपाहाराला त्यांची धावसंख्या होती बिनबाद १०१. त्याच दिवशी पहाडगंजला नात्यातले लग्न. घरून निक्षून सांगितलेले, दुपारच्या जेवणाला तरी या. गृहस्थांनी धावफलकाकडे पाहिले, आता काही होत नाही असे म्हणाले आणि उठले.

ते जिलबी खात होते तेव्हा अनिल कुंबळेने एकामागून एक दहाही गडी बाद केले. पाकिस्तान सर्वबाद २०७. कुंबळे ७४ धावांत १० बळी. कसोटीच्या इतिहासात यापूर्वी असा पराक्रम फक्त एकदाच झाला होता, १९५६ साली मँचेस्टरला, जिम लेकरच्या हातून. नऊ बळी झाल्यावर दुसऱ्या टोकाकडून श्रीनाथ मुद्दाम यष्ट्यांपासून दूर चेंडू टाकत होता, म्हणजे दहावा बळी कुंबळेलाच मिळावा. हे सारे गृहस्थांनी मंगलकार्यातल्या वाढप्याच्या ट्रान्झिस्टरवर ऐकले.

मीठ चोळावे तशी एक बातमी नंतर आली. लहानपणी मँचेस्टरला लेकरचे बळी पाहिलेला एक इंग्रज प्रेक्षक त्या दिवशी कामानिमित्त दिल्लीत होता आणि तो कोटल्यावर हजर होता. दोन्ही वेळा! “तो सातासमुद्रापलीकडून येऊन बसला आणि मी करोलबागेचा माणूस उठून गेलो,” हे वाक्य त्यांच्या घरात आता म्हणीसारखे वापरले जाते. तेव्हापासून त्यांचा नियम आहे, शेवटचा चेंडू पडल्याशिवाय जागा सोडायची नाही. २ नोव्हेंबर २००८ रोजी कुंबळेने याच मैदानावर निवृत्ती जाहीर केली आणि सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर उचलून फिरवले, तेव्हा ते शेवटपर्यंत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

कोटल्याने वाईट दिवसही दाखवले. २ मार्च १९९६ रोजी विश्वचषकाच्या सामन्यात श्रीलंकेने दिल्लीच्याच मनोज प्रभाकरच्या चार षटकांत ४७ धावा कुटल्या आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच सामन्यात सचिनने काढलेल्या १३७ धावा वाया गेल्या. २७ डिसेंबर २००९ रोजी खेळपट्टी इतकी धोकादायक निघाली, की सामना अर्ध्यावर सोडून द्यावा लागला आणि मैदानावर वर्षभराची बंदी आली. प्रेक्षकांना मुकाट्याने घरी जावे लागले.

ऊन कुठे गेले?

आज कोटल्याचे रूप पालटले आहे. जुन्या पायऱ्या गेल्या, उंच स्टँड उभे राहिले. २०१९ मध्ये स्टेडियमला अरुण जेटली यांचे नाव देण्यात आले. मैदानाचे नाव मात्र फिरोजशहा कोटलाच राहिले. मेट्रोच्या व्हायोलेट लाइनवरचे दिल्ली गेट स्टेशन २०१७ मध्ये सुरू झाले, त्यामुळे फरिदाबादचा माणूसही गाडी न बदलता येतो. घरचा डबा आणि पाण्याची बाटली मोठ्या सामन्यांना आत नेऊ देत नाहीत. या बदलांची गृहस्थांना फारशी तक्रार नाही. काळ बदलणारच, असे ते म्हणतात.

त्यांना खंत आहे ती निराळीच. डिसेंबर २०१७ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या कसोटीत विराट कोहलीने २४३ धावा काढल्या, पण लोकांच्या लक्षात राहिले ते तोंडाला मास्क लावून क्षेत्ररक्षण करणारे श्रीलंकेचे खेळाडू. धुरक्यामुळे खेळ थांबवावा लागला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीला ठरलेली दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी कोलकात्याला गेली आणि वेस्ट इंडिजविरुद्धची ऑक्टोबरमधली कसोटी कोलकात्याहून दिल्लीला आली. ऑक्टोबरची ती कसोटी भारताने सात गडी राखून जिंकली, यशस्वी जयस्वालने १७५ धावा केल्या. सामना छानच झाला. पण पाठ शेकत बसण्याचे ते कोवळे ऊन?

शेतातला पेंढा, वाहने, बांधकामांची धूळ, फटाके आणि थंडीत खाली दबलेली हवा. कारणे सगळ्यांना पाठ आहेत. राजधानी परिसरातल्या घराघरांत हिवाळा आला की लहान मुलांचे खोकले सुरू होतात, शाळांना सुट्ट्या द्याव्या लागतात. त्यापुढे क्रिकेटचे दुःख लहानच. परंतु दिल्लीच्या सामान्य माणसाला फुकट मिळणारी एक चैन होती, हिवाळ्यातले ऊन. ती हिरावली गेली, याचा हिशेब कोणी मांडत नाही. नव्या मैदानांनी ती भरून निघत नाही. ग्रेटर नोएडाला सप्टेंबर २०२४ मध्ये अफगाणिस्तान आणि न्यूझीलंड यांची कसोटी ठेवली होती. ओल्या मैदानामुळे पाच दिवसांत एकही चेंडू पडला नाही.

नातवाचा पहिला सामना

गृहस्थांचा नातू बारा वर्षांचा. घरात मराठी, बाहेर हिंदी. क्रिकेट पाहतो ते मोबाइलवर, तेही चौकार-षटकारांचे तुकडे. जानेवारी २०२५ च्या अखेरीस विराट कोहली बारा वर्षांनी रणजी सामना खेळायला कोटल्यावर येणार, प्रवेश फुकट, असे कळले तेव्हा नातू स्वतःहून म्हणाला, “आजोबा, चलायचं?” घरात चर्चा झाली. हवा वाईट होती. सुनेने दोघांना मास्क घेऊन जायची अट घातली.

रणजी सामन्याला पाच-पन्नास माणसे येतात. त्या दिवसांत पहाटेपासून रांगा लागल्या होत्या. कोहली फलंदाजीला उतरला तो दुसऱ्या दिवशी. मैदान डोक्यावर घेतले लोकांनी. आणि सहा धावांवर रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याचा त्रिफळा उडवला. क्षणभर कोणाला काही सुचेना. मग लोक उठू लागले. बघता बघता स्टँड रिकामे होत गेले.

नातूही उठला. गृहस्थांनी त्याचा हात धरून खाली बसवले. “आता काय बघायचं, आजोबा? वो तो आउट हो गया.” त्यांनी खिशातून शेंगांचा पुडा काढला आणि ते मैदानाकडे बोट करून सांगू लागले. गावसकर कुठून उतरले, पेढे कोणकोणत्या घरी वाटले, बोर्ड्यांची चार धावा कशा राहिल्या, आणि एक मूर्ख माणूस जिलबीसाठी कसा उठून गेला. मुलगा आधी कंटाळला, मग हसला, मग विचारू लागला, “वो मूर्ख कौन था?”

शेजारच्या स्तंभावरची अक्षरे शतकानुशतके सगळ्यांना दिसत होती, पण वाचणारा मिळेपर्यंत तो नुसता दगड होता. मैदानाचेही तसेच आहे. शेजारी कोणी तरी वाचून दाखवणारा हवा.

दिल्लीला जाणार असाल तर अर्धा दिवस कोटल्यासाठी ठेवा. किल्ल्यात तिकीट काढून स्तंभ पाहा. समोर रस्त्यावरच खुनी दरवाजा आहे. त्याच मार्गावरच्या नेहरू हाऊसमध्ये मुलांसाठी शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय आहे. रविवार असेल तर महिला हाटमधला जुन्या पुस्तकांचा बाजार गाठता येईल. रणजीचा सामना चालू असेल तर आत जाऊन बसा. ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी निवडलात तर हवाही त्यातल्या त्यात बरी मिळेल. मुलांना बरोबर न्या, आणि शेवटचा चेंडू पडेपर्यंत उठू नका.